मानधन ठरले, हक्कांचे काय?

अनुवाद, छायाचित्रण, संकेतस्थळांची रचना अशी कामे नोकरीबाहेर राहून करणारे शहरांत वाढले. करार मात्र अजूनही दूरध्वनीवरच उरकतो. मानधनाचा आकडा ठरतो, हक्कांचा विषय निघत नाही. या मौनाची किंमत सर्वांना सारखी पडत नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुक्त लेखकाच्या मजकुराचा पहिला मालक लेखकच असतो; त्याच्या सहीच्या लेखाविना तो हक्क दुसऱ्याकडे जात नाही. मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राची मालकी मात्र, वेगळा करार नसल्यास, काम सांगणाऱ्याची ठरते. म्हणजे एकाच पुस्तकाच्या लेखकाला मौन तारते आणि छायाचित्रकाराला बुडवते!

करारात मुदत लिहिली नसेल तर हक्कांचे हस्तांतर ५ वर्षांपुरते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते मानले जाते. छापील मसुद्यांत 'कायमस्वरूपी, जगभर' हे शब्द असतात ते उगीच नव्हे. ते खोडून निश्चित मुदत मागण्यात उद्धटपणा कसला?

देयकाच्या कलमात 'प्रसिद्धीनंतर' हा शब्द मान्य करू नये. काम स्वीकारल्याची तारीख धरावी. सूक्ष्म उद्योग म्हणून 'उद्यम' नोंदणी केलेल्याला २००६ च्या कायद्याचे पाठबळ आहे. लेखी करारातही ४५ दिवसांहून अधिक मुदत चालत नाही; पुढे बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. ही निःशुल्क नोंदणी काम हाती घेण्यापूर्वीच करावी. मागाहून केलेल्या नोंदणीवर वाद उद्भवतात.