शास्त्रज्ञ सांगतो म्हणून?

अंगाऱ्याने रोग बरा करतो म्हणणाऱ्या बुवाला आपण पुरावा मागतो. दावा प्रयोगशाळेतून आला तर? तेथेही पुरावा मागितलाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन व स्टॅन्ली पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेतली. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे अणुगर्भ एकत्र येऊन ऊर्जा निघते. त्यासाठी प्रचंड तापमान लागते. तेच काम आपण टेबलावरच्या काचपात्रात, जड पाण्यात पॅलेडियम धातूची कांडी बुडवून व वीज सोडून केले, असे त्यांनी जाहीर केले. हेच ते 'कोल्ड फ्यूजन'. स्वस्त विजेच्या आशेने जग हरखले. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्याच वर्षी प्रयोग झाले व काही गटांनी खुणा दिसल्याचे कळवले.

परंतु अनेक नामवंत प्रयोगशाळांत तसे काही घडेना. शिवाय एवढी उष्णता खरोखर त्या क्रियेतून निघाली असती, तर सोबतच्या न्यूट्रॉनांच्या माऱ्याने जवळचा माणूस जगला नसता. हे दोघे तर ठणठणीत होते! फ्लाइशमन रॉयल सोसायटीचे सदस्य होते. पण मानाने प्रयोग सिद्ध होत नाही.

पैसा मात्र गेला. युटा राज्याने ५० लाख डॉलर मंजूर केले. त्यातून उभी राहिलेली संस्था १९९१ साली बंद पडली. गूगल कंपनीने पैसे देऊन करवलेल्या तपासणीतही पुरावा सापडला नाही, हे २०१९ साली प्रसिद्ध झाले. तरी २०२३ साली अमेरिकन सरकारी संस्थेने पुन्हा १ कोटी डॉलर जाहीर केले.

हा तेथील कष्टकऱ्यांच्या कराचा पैसा आहे. शंका घेणे म्हणजे बंदी घालणे नव्हे. नवे शोधणाऱ्याला संधी जरूर द्यावी. पण किती वर्षे, मोजमाप कोण तपासणार आणि काय दिसले नाही तर थांबणार, हे आधी लिहून घ्यावे. वस्तीतल्या भिशीतसुद्धा आपण हिशेब मागतोच ना?

गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. आपली मुले विज्ञान शिकत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांना एवढे जरूर सांगा : बुवा असो वा शास्त्रज्ञ, "दुसऱ्याने करून पाहिले काय?" हा प्रश्न न भिता विचारा.

जयभीम!