पऱ्यातले धोंडे कोणाच्या वाटेत?

परवा एका सभेत एका जाणत्या गृहस्थांनी निकालच देऊन टाकला. डोंगरातले पऱ्ये, म्हणजे उतारावरचे ओढे, धोंड्यांनी तुंबतात. धोंडे काढा, पात्र सरळ करा, तळाला काँक्रीट घाला. पाणी झटपट खाली जाईल आणि पूर टळेल. टाळ्या पडल्या. मला त्या खुपल्या.

पाणी झटपट खाली जाईल, हे खरे. पण खाली माणसे राहतात! २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्याच दिवसांत चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. सगळे पऱ्ये एकदमच रिते झाले, तर तो लोंढा कोणाच्या दारात जाणार?

आणि धोंडा म्हणजे अडथळा नव्हे, ती पायरी आहे. तीव्र उतारावर मोठे धोंडे एकमेकांत अडकून आडवी ओळ धरतात. पाणी तिच्यावरून उडी घेते, खालच्या कोंडात, म्हणजे डोहात, आपटते, घुसळते, फेसाळते आणि तिथेच त्याचा जोर मरतो. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ती पायऱ्यांवर खर्ची पडली नाही, तर तळ आणि काठ खाते. आमच्या वाडीवरच्या पऱ्यातले धोंडे जेसीबी लावून काढले. पावसाळा सरल्यावर मी वर चालत गेलो. गुडघाभर पाण्याच्या कोंडाचा मागमूस नव्हता. उंबराची मुळे उघडी पडून लोंबत होती. साकवाजवळच्या काँक्रीटच्या टोकाखाली पाण्याने पोकळी केली होती. हातातली काठी घातली, ती मुठीपर्यंत आत गेली. तळ असा एकदा तुटला की ती तूट उगमाकडे चढत जाते. म्हणजे वरचा चांगला पऱ्याही गेला.

कोंडात डास होतात म्हणे. वाहत्या कोंडातले मासे डासांच्या अळ्या खातात, एवढे उत्तर पुरे.

सपाटीवरचा ओढा आणि कड्यावरून उतरणारा पऱ्या एक नव्हेत.

मग करायचे काय? पायऱ्या परत रचायच्या. पायाचे दगड तळात खोल रुतवायचे, त्यांवर मोठे धोंडे बसवायचे, ओळीची दोन्ही टोके काठात घुसवायची, मध्य थोडा खाली ठेवायचा म्हणजे धार काठ सोडून वाहते. दोन पायऱ्यांत साधारण पात्राच्या रुंदीच्या एक ते चार पट अंतर. चढ जास्त तिथे कमी. काठाला निगडी, करंज लावायचे. साकवाच्या पायाला काँक्रीट लागेल, ते जरूर घाला. ज्या स्वित्झर्लंडने आपले ओढे पिढ्यान्‌पिढ्या भिंतींत बांधले, त्यानेच २०११ पासून सुमारे ४००० किलोमीटर प्रवाह पुन्हा नैसर्गिक करण्याचे काम कायद्याने हाती घेतले आहे.

पहिल्या पुरात चढणीचे मासे कोंडाकोंडात दम घेत वर येतात. गुळगुळीत काँक्रीटवर त्यांनी कुठे थांबायचे? उरलेले धोंडे तरी जागेवर राहू द्या.