मॅडिसन चॉक

मॅडिसन चॉक (जन्म: २ जुलै १९९२, रेडोंडो बीच, कॅलिफोर्निया) या अमेरिकन फिगर स्केटिंगपटू असून आइस डान्स म्हणजेच बर्फावरील जोडीनृत्य या प्रकारात खेळतात. २०११ पासून इव्हान बेट्स हे त्यांचे जोडीदार आहेत. या जोडीने २०२३ (सायतामा), २०२४ (माँट्रियाल) आणि २०२५ (बॉस्टन) अशी सलग तीन जागतिक अजिंक्यपदे पटकावली. त्यांचे पहिले ऑलिंपिक पदक उत्तेजक द्रव्याच्या वादामुळे अडीच वर्षे रखडले होते.

== कारकीर्द ==

जोडीनृत्यात डोक्यावरून उचलणे अथवा जोडीदाराला फेकणे निषिद्ध असते. पदलालित्य, ताल आणि परस्परांतील मेळ यांवर गुण मिळतात. त्यामुळे जोडी मुरण्यास वर्षे लागतात. चॉक व बेट्स यांना २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये आठवा क्रमांक मिळाला. २०१८ मध्ये प्याँगचांग येथे फिरकी घेताना दोघेही पडले आणि ते नवव्या स्थानी राहिले. त्यानंतर त्यांनी सरावासाठी माँट्रियाल गाठले.

== बीजिंग २०२२ : रखडलेले पदक ==

ऑलिंपिकच्या सांघिक स्पर्धेत पुरुष एकेरी, महिला एकेरी, जोडी स्केटिंग व जोडीनृत्य या चार प्रकारांतील गुणांची बेरीज होते. ७ फेब्रुवारी २०२२ रोजी चॉक-बेट्स मुक्त नृत्यात पहिले आले. रशियन ऑलिंपिक समितीचा संघ ७४ गुणांसह प्रथम, अमेरिका ६५ गुणांसह द्वितीय आणि जपान ६३ गुणांसह तृतीय ठरला.

मात्र पदक वितरण झालेच नाही. रशियाच्या १५ वर्षीय कमिला वालियेवा यांच्या २५ डिसेंबर २०२१ रोजी घेतलेल्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन हे प्रतिबंधित औषध आढळल्याचे उघड झाले. वैयक्तिक जोडीनृत्यात चॉक-बेट्स चौथे आल्यामुळे ते बीजिंगहून रिकाम्या हातांनी परतले.

क्रीडा लवाद न्यायालयाने २९ जानेवारी २०२४ रोजी वालियेवा यांच्यावर चार वर्षांची बंदी घातली. त्यांचे २० गुण वजा होऊन रशियाकडे ५४ गुण उरले व अमेरिकेला सुवर्णपदक मिळाले. ७ ऑगस्ट २०२४ रोजी उन्हाळी ऑलिंपिक सुरू असताना पॅरिसमध्ये अमेरिकन व जपानी संघांना पदके प्रदान करण्यात आली. चॉक आणि बेट्स त्याच वर्षी जूनमध्ये विवाहबद्ध झाले होते.

== निर्णयाचे परिणाम ==

या निर्णयाने सर्व प्रश्न सुटले नाहीत. वालियेवा यांना वगळल्यावर त्यांच्या खालच्या खेळाडूंना एकेक क्रमांक वर सरकवण्यात आले नाही. तसे झाले असते तर ५३ गुणांवरील कॅनडाचे ५५ गुण होऊन कांस्यपदक त्या देशाकडे गेले असते. कॅनडाचे अपील फेटाळले गेले आणि रशिया तिसऱ्या स्थानी कायम राहिला.

उत्तेजक चाचणीचा हेतू प्रामाणिक खेळाडूचे संरक्षण हा आहे. या प्रकरणात नमुना स्पर्धेपूर्वी सहा आठवडे घेतलेला होता, परंतु अहवाल सांघिक स्पर्धा आटोपल्यावर पुढे आला आणि अंतिम निवाड्यास जवळपास दोन वर्षे लागली. अल्पवयीन खेळाडूला नियमांनी दिलेले संरक्षण आवश्यक असले, तरी विलंबाची झळ निर्दोष स्पर्धकांनाच बसली. चॉक यांना सुवर्णपदक मिळाले. ज्या बर्फावर ते जिंकले, तेथे विजयमंचावर उभे राहण्याचा क्षण मात्र कोणताही निवाडा परत देऊ शकला नाही.