साडेअकरा इंचांची मालकीण

दोस्तांनो, बाहुलीवर काय लिहायचं म्हणून पान उलटू नका. पोरीबाळींचा विषय बाजूला सारायची सवय आपल्यातही आहे. ती पाच मिनिटं गुंडाळून ठेवा.

मार्च १९५९. न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत मॅटेल कंपनीनं बार्बी मांडली. उंची साडेअकरा इंच. पाय जमिनीला टेकतच नाहीत, उंच टाचांच्या बुटासाठी जन्मापासून वाकवलेले. कंपनीच्या रूथ हँडलरबाईंनी हे रूप उचललं लिली नावाच्या जर्मन बाहुलीवरून. लिली कोण? वर्तमानपत्रातल्या चावट व्यंगचित्रातली बाई, बाप्यांना गंमत म्हणून विकलेली. म्हंजे बाप्यांच्या चैनीला घडवलेलं शरीर पोरीच्या हातात दिलं, अन् वर सांगितलं, मोठी होऊन अशी हो.

आता हिशेब करा. बार्बी सहापट केली की पावणेसहा फूट भरते. १९६५ साली तिच्या एका संचात वजनकाटा आला, ११० पौंडांवर गोठवलेला. सोबत वजन उतरवायचं चिमुकलं पुस्तक, त्यातला सल्ला काय तर जेवूच नका. पावणेसहा फूट बाई अन् पन्नास किलो! आपल्या वस्तीत अशी बाई दिसली तर आपण तिला दवाखान्यात नेतो. आमची हाडं दिसली की ते दारिद्र्य, हिची दिसली की सौंदर्य. वा रे सौंदर्यशास्त्र!

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९६ साली मापं काढली. बार्बीचं शरीर एक लाख बायकांत एकीचंही सापडणं कठीण. तिचा जोडीदार केन? तसा पुरुष पन्नासात एक. पुरुषाला माणसाच्या जवळपास ठेवलं, बाईला हद्दपार केलं. २०१४ साली कंपनीच्या डिझाइनवाल्यांनी खुलासा केला की हे शरीर खऱ्यासारखं करायचं नव्हतंच, कपडे सहज चढवता-उतरवता यावेत म्हणून तसं आहे. कपड्यासाठी बाई कापायची. शिंप्यालासुद्धा लाज वाटेल.

खेळण्यानं काय होतंय, असं म्हणणारे भेटतातच. इंग्लंडात ५ ते ८ वर्षांच्या १६२ मुलींवर केलेला अभ्यास २००६ साली छापून आला. ज्यांना बार्बीची चित्रं दाखवली त्यांना स्वतःचं अंग कमी आवडू लागलं, बारीक व्हावंसं वाटू लागलं. त्यातल्या सगळ्यात मोठ्या मुलींवर हा लगेचचा परिणाम दिसला नाही. बघा, वय वाढलं की जातंय, असं कुणी म्हणेल. मी म्हणते, तोवर ते आत जाऊन बसलेलं असतं. मग चित्र दाखवायची गरज काय?

आणि ही गोष्ट नुसत्या कंबरेची नाही. केनेथ आणि मॅमी क्लार्क या काळ्या जोडप्यानं १९४० च्या सुमारास काळ्या लेकरांपुढं सारख्याच बाहुल्या ठेवल्या. फरक फक्त रंगाचा. बहुतेक लेकरांनी गोरी उचलली, तिलाच चांगली म्हटलं. अन् तुझ्यासारखी कुठली, असं विचारल्यावर काही लेकरं रडली. रडली, दोस्तांनो! १९५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं शाळांतली वेगळी पंगत मोडली तेव्हा क्लार्कचं काम निकालात नोंदवलं. जे कोर्टाला कळलं ते बाजाराला कळायला किती वेळ लागला बघा : १९६७ साली मॅटेलनं काळी फ्रान्सी आणली, पण साचा गोऱ्या फ्रान्सीचाच. प्लास्टिक तेवढं काळं. आपल्याकडं बार्बीला साडी नेसवली, कपाळाला टिकली लावली. चेहरा? तोच गोरा. धर्मांतर कपड्याचं, हाडं मालकाचीच.

२०१६ साली विक्री घसरल्यावर कंपनीनं तीन नवी शरीरं काढली : उंच, ठेंगणी आणि भरलेली. बरं केलं, उशिरा का होईना. पण गल्ला रिकामा व्हायला लागल्यावर सुचलेली समता आहे ती, एवढं ध्यानात ठेवा.

आमच्या आया चिंध्यांची बाहुली करायच्या. तिला कंबरच नसायची. तरी तिचं लग्न लागायचं, तिला लेकरं व्हायची, कुणी तिला जाडी म्हणत नव्हतं.

आता आपलं घर. कॉलेजात एखादी सवर्ण पोरगी कौतुकानं म्हणते, तू त्यांच्यातली वाटत नाहीस. ऐकणारी आमची पोरगी खूश होते! घरी येऊन आरशापुढं तास घालवते, रात्रीची भाकरी टाळते. तिला शिकवलं कुणी? नुसत्या बार्बीनं नाही. निळा झेंडा खांद्यावर घेऊन मोर्च्यात घसा फोडणारा, संध्याकाळी मित्राला विचारतो, पोरगी गोरी आहे का, जाड तर नाही ना. भावा, तुझं स्वतःचं पोट बघ की! केनला पन्नासात एकाची सूट, ती तूही घेतोस.

आपल्या वधू-वर मेळाव्यांच्या फॉर्मात अजून 'रंग' हा रकाना असतो. आपणच छापतो, आपलीच पोरं वाटतात, पोरीचा बाप खाली मान घालून 'सावळा' लिहितो. पुढच्या मेळाव्याचे फॉर्म छापखान्यात जाण्याआधी मला तो रकाना खोडलेला पाहिजे. 'उंची-वजन' सुद्धा. नाही खोडला तर आम्ही पोरी दारात उभ्या राहू, आणि प्रत्येक नवरदेवाची कंबर मोजूनच आत सोडू.