दुरुस्ती की निर्लेखन?

२०१६ साली ज्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्याला बचावबोटी कशाला हव्यात, असा प्रश्न वरवर पाहणाऱ्यास पडेल. परंतु मराठवाड्याचे पाऊसमान हे असेच आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुखेड तालुक्यातील हसनाळ, रावणगाव आदी गावांत पाणी शिरले, माणसे दगावली आणि बचावासाठी लष्कराची तुकडी बोलवावी लागली. अशी तुकडी पोहोचेपर्यंत गावकऱ्यांना जवळ असेल त्याच होडीवर विसंबावे लागते. तेव्हा फायबरची जुनी, कण्यात दुखावलेली बोट दुरुस्त करावी की मोडीत काढावी, हा निव्वळ भांडारपालाचा प्रश्न राहत नाही.

फायबर गंजत नाही, या समजुतीपायी या बोटींची उपेक्षा होते. काचतंतू व राळ यांना गंज चढत नाही हे खरेच. पण जुन्या बोटीचा कणा बहुधा लाकडाचा असतो. तळाला ताठ ठेवणारे उभे वासे आणि इंजिन टांगण्याची मागची फळी यांच्या पोटात, काचतंतूच्या वेष्टणाआड, लाकूड किंवा प्लायवुड दडलेले असते. सैल झालेल्या एखाद्या स्क्रूच्या छिद्रातून पाणी आत मुरते, लाकूड कुजते, आणि बाहेरचा नारिंगी रंग मात्र झळकत राहतो. त्यात बोट वर्षातील बहुतेक काळ दोन दगडांवर टेकवून उन्हापावसात ठेवली, तर तळ वाकडा होतो तो वेगळाच.

ही कूज ओळखण्यास बाहेरचा तज्ज्ञच हवा असे नाही. लाकडी हातोडीने तळ ठोकून पाहिला, तर शाबूत भाग खणखणतो आणि थर सुटलेला भाग बद्द वाजतो. फळीला आतल्या बाजूने बारीक भोक पाडल्यावर ओला, तपकिरी भुसा निघाला, की निदान झाले. ही तपासणी न करता दुरुस्तीची निविदा काढणे म्हणजे रोगी न पाहता औषध लिहून देणे होय.

दुखापत एका वाशापुरती वा केवळ फळीपुरती असेल, तर दुरुस्तीच योग्य. नवी बोट मंजूर होईपर्यंत एखादा पावसाळा सहज उलटतो. मात्र कुजलेले लाकूड पूर्ण काढावे, उरलेले खडखडीत वाळवावे, जुना थर जाडीच्या साधारण १२ पट रुंदीपर्यंत उतरता घासावा आणि मगच नवे थर चढवावेत. जुन्या थराला साध्या पॉलिएस्टर राळेपेक्षा इपॉक्सी अधिक घट्ट धरते. ती महाग आहे, आणि काटकसरीचा पहिला घाव तिच्यावरच पडतो. मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा या कामास अनुकूल आहे, फक्त राळ भरदुपारी भराभर आवळते म्हणून काम सकाळी उरकावे. आषाढात, पाणी दाराशी आल्यावर, यातले काहीही साधत नाही.

पण वासे, फळी आणि तळ तिन्ही मऊ पडले असतील, तर दुरुस्तीचा हट्ट घातक आहे. तेथे वरून एक थर व रंग देणे हा सरळ अपराध आहे, कारण पुरात अशा बोटीत बसणाऱ्यास ती नाकारण्याची मुभा नसते. सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी बचावाचीच बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. तेथे क्षमतेहून अधिक माणसे होती. पण पुरात बोटीवर गर्दी होणारच, हे धरूनच तिची मजबुती जोखावी लागते.

लातूर-धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) पट्ट्याला हा विचार नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, तर इतरत्र असंख्य घरे जागीच दुरुस्त व मजबूत करण्यात आली. आणि त्या कामात गावोगावच्या महिला मंडळांनी सल्लागार म्हणून भाग घेतला. घराच्या भिंतीबद्दल गावाला विचारता येते, तर बोटीच्या फळीबद्दल गोदाकाठच्या भोई बांधवांना का विचारू नये? निर्लेखित बोटीशी त्यांचा आणखीही संबंध आहे. ती लिलावात स्वस्त निघाली, तर घेणारा गरीब मासेमारच असेल. फायबर लोखंडासारखे वितळवून पुन्हा वापरता येत नाही, म्हणून मोडीत काढलेल्या बोटीचा तळ पंचांसमक्ष करवतीने कापावा आणि तशी नोंद पंचनाम्यात करावी. कार्यकर्त्यांनी चैत्रातच तहसील कचेरीत जाऊन तालुक्यातील प्रत्येक बोटीच्या तपासणीचा कागद मागावा.