सहाच्या आत गेट उघडणार नाही

आपल्या हॉस्टेलच्या मेन गेटवर लॅमिनेट केलेली एक नोटीस आहे. 'सुरक्षेच्या कारणास्तव सकाळी ६.०० पूर्वी विद्यार्थ्यांना बाहेर सोडले जाणार नाही.' खाली रेक्टरांची सही आणि शिक्का. मुलींच्या हॉस्टेलवरही तीच नोटीस, फक्त वेळ साडेसहा. (अर्धा तास जास्त का, हे विचारायचं नसतं.) फर्स्ट इयरच्या पोरांना वाटतं की ही नोटीस कॉलेजच्या स्थापनेपासून आहे. तर मित्रांनो, ही नोटीस लागली माझ्यामुळे. त्यातलं ते 'सुरक्षेचं कारण' म्हणजे अस्मादिक!

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. सकाळचे पावणेसहा, कडाक्याची थंडी, अंधार. सातारा हिल मॅरेथॉनसाठी मी रोज आठ किलोमीटर पळत होतो. २१ किलोमीटरची रेस, त्यात यवतेश्वरचा घाट, म्हणून चढाची सवय हवी होती. आणि आपल्या गेटपासून फाट्यापर्यंतचा रस्ता म्हणजे फुकटचा चढ. मी रस्त्याच्या डाव्या कडेने पळत होतो, म्हणजे गाड्यांकडे पाठ. दोन्ही कानांत इअरफोन. अंगात काळी ट्रॅकपँट आणि गडद निळा टी-शर्ट. ही तिन्ही गाढवपणाची कामं माझी, ती आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा. फुटपाथ नसेल तिथे उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं पळायचं असतं. मला हे माहीत होतं. माहीत असणं आणि करणं यात काय फरक असतो ते इंजिनिअरिंगच्या पोरांना मी काय सांगावं!

गाडी मागून आली. पांढरी होती एवढंच आठवतं. मी रस्त्याकडेच्या चरात पडलो आणि गाडी थांबली नाही. मागचा लाल दिवा एकदा लागला, म्हणजे ब्रेक मारला, मग दिवा विझला आणि गेली. तो दिवा विझला तो क्षण मला धडकेपेक्षा जास्त आठवतो.

त्यानंतर दोन गाड्या स्लो झाल्या, बघितलं, गेल्या. तिसरा थांबला तो भाजीचा टेम्पो. त्या काकांनी मला उचलून मागे मेथीच्या जुड्यांवर आडवं केलं, पायाखाली रिकामं पोतं सरकवलं आणि सगळा रस्ता मागे वळून ओरडत राहिले, "पोरा, डोळं झाकू नगंस, बोलत ऱ्हा माझ्यासंगं!" काय बोललो देव जाणे. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आल्याबरोबर ते निघून गेले. नाव नाही, नंबर नाही. आठवड्याने आपल्या वॉचमनमामांकडे कुणीतरी एक बूट देऊन गेलं. माझाच, उजव्या पायाचा, चिखल पुसलेला. "एक माणूस टेम्पोतनं आला, म्हणाला तुमच्या हॉस्टेलच्या पोराचा आसंल, आन् गेला," मामा म्हणाले.

काका का पळाले ते आपल्या सगळ्यांनाच कळतं. पोलीस, जबाब, कोर्टाच्या तारखा. म्हणून हे नीट वाचा. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१६ मध्येच मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचनांना कायद्याचं बळ दिलं होतं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-ए हे कलम आलं. जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. म्हणजे काकांना नाव न सांगता जाण्याचा हक्कच होता. पण ते हक्काने गेले नाहीत, घाबरून गेले. मला त्यांना एकदा भेटून कटिंग पाजायचा होता, तो राहिला.

पळून गेलेल्या गाडीचा नंबर मिळाला नाही. अशा वेळी गंभीर जखमीला सरकारकडून ५०,००० रुपये आणि मृत्यू झाल्यास २ लाख अशी भरपाई एप्रिल २०२२ पासून आहे (आधी ती १२,५०० आणि २५,००० होती). मला हे वॉर्डमधल्या शेजारच्या पेशंटच्या भावाने सांगितलं, कॉलेजातल्या कुणी नाही. मे २०२५ मध्ये अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या कॅशलेस उपचारांची योजनाही आली. माझ्या वेळी नव्हती. बाबांनी तेव्हा पतपेढीचं कर्ज काढलं, ते अजून फिटतंय.

असो. आता पायाकडे येतो.

उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. गुडघ्याच्या खालून हाडाच्या पोकळीत रॉड घालतात, वर स्क्रू आणि खाली स्क्रू. मेकॅनिकलवाल्यांना समजेल अशी फिक्स्ड असेंब्ली. मला वाटलं की काम झालं, आता दीड-दोन महिन्यांत पळू. घरच्यांनी तर मला काचेच्या भांड्यासारखं ठेवलं. पाणी हातात, ताट हातात, उठू नको, वाकू नको. तीन महिन्यांनी एक्स-रे काढला तर फट तशीच दिसत होती. हाड आळशासारखं पडून होतं.

डॉक्टर म्हणाले, "वरचा एक स्क्रू काढून टाकू." मी म्हटलं, "सर, हाड जुळलं नाहीये आणि तुम्ही आहे तोच स्क्रू काढताय?" मग त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. सगळा भार रॉड आणि स्क्रू घेतात, हाडापर्यंत तो पोचतच नाही. हाडावर भार आला नाही तर त्याला घट्ट व्हायचं कारणच उरत नाही. एक स्क्रू काढला की पाऊल टेकताना तुटलेली टोकं एकमेकांवर दाबली जातात आणि मग शरीर तिथे नवं हाड भरायला लागतं. जिथे ताण येतो तिथे हाड वाढतं, जिथे येत नाही तिथे झिजतं, हे यूलियस वोल्फ नावाच्या जर्मन सर्जनने १८९२ मध्ये लिहून ठेवलंय. आपण स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये शिकलो की लोड वाढला की मटेरियल फेल होतं. इथे उलटंच! (एसओएममध्ये माझी केटी होती, तेव्हा या विषयावर मी फार बोलू नये.)

स्क्रू निघाला आणि फिजिओ मॅडमनी ताबा घेतला. त्यांनी पहिल्या दिवशी टेपने दोन्ही मांड्या मोजल्या. डावी ५१ सेंटीमीटर, उजवी ४६. सिनेमात हीरो पडतो, मग गाणं वाजतं आणि गाण्याच्या शेवटी तो शर्यत जिंकतो. माझ्या गाण्यात काय होतं सांगू? गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबायचा, दहा मोजायचे, सोडायचं. दिवसातून शंभर वेळा. महिनाभर! मग वजनकाट्यावर उजवा पाय ठेवून आज वीस किलो, चार दिवसांनी तीस किलो. मग एक कुबडी, मग बिनकुबडीची. एवढं कंटाळवाणं काम मी जर्नल लिहितानासुद्धा केलं नव्हतं. रडू दुखण्याने कधी आलं नाही. आलं ते एकदाच, मेसच्या तीन पायऱ्या न धरता उतरलो तेव्हा, आणि तेही रूममेटसमोर, त्यामुळे ते अख्ख्या सी विंगला कळलं. याच रूममेटने मला दीड महिना डबा आणून दिला आणि बाथरूमपर्यंत नेलं. त्याने त्याचे पैसे टोमणे मारून वसूल केले.

जुलैत पहिल्यांदा पळालो. पळालो म्हणजे एक मिनिट जॉग, दोन मिनिटं चाल, असं आठ वेळा. त्याच आठवड्यात, १४ जुलै २०२५ ला, फौजासिंग गेले. नव्वदीला टेकल्यावर मॅरेथॉन पळायला लागलेले, शंभराव्या वर्षी टोरांटोला २०११ मध्ये पूर्ण मॅरेथॉन पार केलेले ते आजोबा. जालंधरजवळ आपल्या गावी, बियास पिंडला, रस्ता ओलांडताना गाडीने उडवलं आणि गाडी निघून गेली. वय ११४. लंडनचे, टोरांटोचे रस्ते पळून आलेला माणूस घरासमोरच्या रस्त्यावर गेला. त्या रात्री बाबांचा फोन आला. ते फक्त एवढंच म्हणाले, "बातमी बघितलीस?" मी हो म्हटलं. मग दोघंही गप्प. बाबांनी 'पळू नको' म्हटलं नाही, याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

नोटीस मात्र तेच म्हणते. रेक्टर सर वाईट नाहीत, हे आधी लिहितो. ऑपरेशनच्या रात्री ते बाकड्यावर बसून होते, चहा त्यांनीच आणला. नोटिशीबद्दल मी बोलायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "तू वाचलास म्हणून माझ्याशी वाद घालतोयस. नसतास वाचला तर तुझ्या आईला मी काय सांगितलं असतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. पण म्हणून सहाच्या नोटिशीने कोण सुरक्षित झालं, हे विचारायला पाहिजे.

सहाला गेट उघडतं तेव्हा कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर सुरू झालेले असतात, एकेकामागे दोन-दोन ट्रॉल्या. साडेसहाला स्टाफ बस, मग शाळेच्या रिक्षा. पावणेसहाला माझ्या रस्त्यावर पंधरा मिनिटांत चार गाड्या होत्या, सातला तेवढ्या एका मिनिटात असतात. आणि सातला पळून आलं तर आठचं लेक्चर गेलं, म्हणजे डिफॉल्टर लिस्ट. त्यामुळे आता जे पळतात ते रात्री जेवणानंतर त्याच रस्त्यावर पळतात, ढाब्यावरून परतणाऱ्या गाड्यांच्या उजेडात. काही जण पहाटे मेसमागच्या भिंतीवरून जातात (नावं सांगणार नाही, सर). मुलींना भिंतही नाही. माझ्या अपघाताआधी त्यांच्या हॉस्टेलवरच्या सहा-सात जणी रोज पळायच्या. आता एकही नाही. मला गाडीने उडवलं आणि बंद झालं ते त्यांचं पळणं! हा हिशेब मला कुणी समजावून सांगावा.

त्या रस्त्यावर गाड्या साठच्या खाली नसतात. चाळीसऐवजी साठने येणाऱ्या गाडीत सव्वादोन पट ऊर्जा असते, हे अकरावीचं फिजिक्स आहे. ड्रायव्हरला दिसून त्याचा पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला तर गाडी तेवढ्यात जवळजवळ सतरा मीटर पुढे आलेली असते. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर ३२,८२५ पायी चालणारे मेले. ते सगळे काही पहाटे इअरफोन लावून पळत नव्हते. पण त्या पांढऱ्या गाडीनंतर त्या रस्त्यावर काय बदललं? काहीही नाही. गेटसमोर स्पीडब्रेकर नाही, पट्टे नाहीत, फाट्यापर्यंतचे अर्धे दिवे बंद. बदललं फक्त आपलं गेट, कारण तेवढंच आपल्या हातात होतं आणि सगळ्यात स्वस्त होतं.

आपल्या हातात अजूनही बरंच आहे. ग्राउंडची किल्ली स्पोर्ट्स ऑफिसात असते आणि ऑफिस नऊला उघडतं. ती किल्ली रात्री वॉचमनमामांकडे ठेवायला काय लागतं? हॉस्टेल, मेस, वर्कशॉप, लायब्ररी असा आतला रिंगरोड आहे, तो पाच ते साडेसहा गाड्यांना बंद ठेवता येईल. त्या वेळी तिथे दूधवाला सोडून कुणी येतही नाही. (दिवसा त्याच रिंगरोडवरून काही स्टाफ मेंबर ज्या वेगाने लेक्चरला जातात, तो विषय पुन्हा कधीतरी.) ज्यांना बाहेर चढावर जायचंय त्यांनी गेटवर सही करावी, चमकणारं जॅकेट घालावं, इअरफोन तिथेच ठेवावेत, उजव्या कडेने पळावं. स्पीडब्रेकरसाठी बांधकाम खात्याला पत्र कॉलेजनेच लिहावं लागेल, माझ्या अर्जाला कोण विचारतो? सप्टेंबरात मी यवतेश्वरच्या घाटात पळायला नाही तर टाळ्या वाजवायला उभा होतो. त्या सकाळी पळणाऱ्यांसाठी घाटातली वाहतूक बंद ठेवली होती. मागे-पुढे एकही हॉर्न नाही, फक्त बुटांचे आवाज.

सध्या मी पाच किलोमीटर ३४ मिनिटांत पळतो. आधी २३ लागायची. थंडीत रॉड जाणवतो, मांडी घालता येते पण गुडघा टेकवला की कळ येते, त्यामुळे गणपतीत साष्टांग नमस्कार उभ्याउभ्याच झाला. उजवी मांडी आता ५० सेंटीमीटर आहे. मॅडम म्हणतात, उरलेला एक सेंटीमीटर टॉवेलवर मिळणार नाही, चढावरच मिळेल.

गेटच्या वेळेचा अर्ज मेसच्या काउंटरवर ठेवला आहे, पेन बांधलेलं आहे. हे लिहीपर्यंत मुलींच्या हॉस्टेलवरच्या सह्या ६२ झाल्यात आणि आपल्या ४१. पैकी दोन रेक्टर ऑफिसच्या क्लार्ककाकांनी गुपचूप केल्यात, एक स्वतःची आणि एक मुलाची. आपल्याकडचे बाकीचे झोपलेत बहुतेक.