भिंतीवरचा रोहित आणि रस्त्याखालचा पाईप

नवी मुंबईत उड्डाणपुलाचा एकही खांब आता रोहित पक्ष्याविना उरलेला नाही, असं वाटावं इतके ते जागोजागी उभे आहेत. भिंतींवर, भुयारी मार्गांत, चौकातल्या पुतळ्यांतही तीच गुलाबी मान आणि तोच दुमडलेला पाय. शहर स्वतःला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवतं, तेव्हा हे व्हायचंच. यातले कितीतरी पक्षी कला महाविद्यालयांतल्या मुलांनी रंगवलेले असतात. मी उपयोजित कला शिकवते, त्यामुळे ही निमंत्रणं कशी येतात ते मला ठाऊक आहे. ‘शनिवारी मुलं पाठवा, रंग आमचे, नाश्ता आमचा, प्रमाणपत्र देऊ.’ विषय अर्थातच ‘पाणथळ वाचवा’. स्टेनरच्या बाटल्या उघडल्या जातात, पण पाणथळ मात्र त्या मुलांतल्या बहुतेकांनी पाहिलेली नसते.

या मुलांना भिंतीपाशी नेण्याआधी चिखलात न्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि नेणारा माणूस पक्षी-अभ्यासक असावा, कांदळवन कक्षातला कर्मचारी असावा, नाहीतर खाडीत जाळं टाकणारा कोळी असावा. कार्यक्रमाचा संयोजक नको.

रोहित दिसतो कसा हे आता पहिलीतलं पोरही सांगेल. पण एवढी मोठी ठाणे खाडी असताना तो नेरूळ-सीवूड्सच्या इमारतींमागच्या तळ्यात का येतो, हे त्याच इमारतींतल्या लोकांना विचारून बघा. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो. धाकटा रोहित चोच उलटी करून त्यात बुडवतो आणि गाळणीतून गाळावं तसं पाणी बाहेर टाकून शेवाळ आत ठेवतो. भरती आली की तो चिखल बुडतो. मग खाडी पुन्हा रिकामी होईपर्यंत हजारो पक्ष्यांना टेकायला उथळ जागा लागते, ती म्हणजे ही तळी. आणि अशा तळ्यात भरतीचं पाणी येतं ते बांधातल्या उघाडीतून किंवा रस्त्याखालच्या पाईपातून. पाईप बुजला की तळं सुकतं किंवा त्यावर हिरवा थर साचतो. पक्ष्याचं पुढचं सगळं या पाईपावर अवलंबून आहे.

ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. तरी २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळ परिसरात रोहित मेलेले आणि जखमी सापडले. त्याच काळात तिथल्या डीपीएस तलावात पाणी यायच्या वाटा बुजल्याची ओरड पर्यावरण कार्यकर्ते करत होते. भिंतीवरचे पक्षी तेव्हाही टवटवीत होते. पुढे २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या सुमारे तीस एकरांच्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. त्यामागे नागरिकांचा दीर्घ पाठपुरावा होता. म्युरलचं श्रेय त्यात शोधू नये.

माझ्या वर्गात खाडीकाठच्या गावातली एक मुलगी होती. फलकाचा विषय दिला तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, पक्षी सगळ्यांनाच काढता येतो. मी पाणी कुठून येतं ते काढू?” तिने तळं मधोमध कापून दाखवलं. एका पट्टीत ओहोटी, दुसरीत भरती, मध्ये रस्ता आणि रस्त्याखाली पाईपाचं भलंमोठं तोंड. रोहित होता बोटाएवढा. खाडीवर सोबत आलेल्या पक्षी-अभ्यासकाने त्याचा मागे वाकणारा सांधा बघून सांगितलं, की हा गुडघा नव्हे, घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. चोचही चुकली होती. धाकट्या रोहिताची चोच गडद असते, मोठा रोहित ही वेगळी जात, त्याची गुलाबी आणि फक्त टोकाला काळी. (शहरातल्या भिंतींवर अंग धाकट्याचं आणि चोच मोठ्याची, असे संकरित पक्षी शोधायची मला आता सवयच लागली आहे.) मग पाळी त्या अभ्यासकाची आली. त्याने दिलेला बारा ओळींचा मजकूर तिने दोन ओळींवर आणला. जॉगिंग करणारा माणूस थांबून बारा ओळी वाचत नाही, हे तिने त्याला ठणकावून सांगितलं. दोघांनी एकमेकांना खोडलं म्हणून तो फलक कामाचा झाला. एकाने मजकूर धाडायचा आणि दुसऱ्याने सजवायचा, या पद्धतीत हे घडत नाही.

सुंदर पक्षी पाहून लोक जवळ येतात, निदान मुलांना ओढ लागते, असं सांगितलं जातं. खरं आहे. पण लोक भिंतीपाशी सेल्फी काढून घरी जातात, तळ्यापर्यंत पोहोचत नाहीत. आणि कार्यालयांना गुलाबी पक्षी इतका का आवडतो? तो कुणाला काही विचारत नाही. बुजलेल्या पाईपाचं चित्र पाहिलं की पहिला प्रश्न येतो, हा बुजवला कुणी? अशा चित्राला भिंत मिळवणं किती अवघड असतं, ते आम्हाला विचारा.

पैशांचंही बोलायला हवं. त्याच भिंतीला प्रायमर मारणाऱ्या रंगाऱ्याला रोजी मिळते, चित्र काढणाऱ्या विद्यार्थ्याला वडापाव आणि प्रमाणपत्र. जनजागृती हे काम असेल तर त्याला मानधन असावं, आणि खाडीकाठच्या फेऱ्यांना महाविद्यालयाने अभ्यासक्रमाचे गुण द्यावेत.

संवर्धन राखीव क्षेत्र म्हटलं की माहितीफलक येणारच. ते काम ठेकेदाराला देऊन इंटरनेटवरचा फोटो छापू नका. कला महाविद्यालयातली चार मुलं, एक पक्षी-अभ्यासक आणि एक कोळी यांना भरती-ओहोटीच्या वेळापत्रकासह महिनाभर तिथे बसू द्या. फलक तळ्याच्या शोभिवंत बाजूला नको, पाणी आत येतं त्या तोंडाशी लावा. आणि त्यावर मोठ्या आकड्यांत एक फोन नंबर असू द्या, पाणी यायचं थांबलं तर कुणाला कळवायचं त्याचा.